बेचाळिसावं पान

गोष्ट ऐकीव नाही, पोरांनो. आमचा टीम लीड वेड प्रूइट, अमेरिकेत, ओहायोतल्या डेटनच्या ऑफिसात माझ्याच शेजारी बसायचा. तेरा नोव्हेंबर, गुरुवार. काम साधंच होतं. एक्केचाळीस प्रकल्पांतला कोणता कोड काय करतो, ते एका प्रोग्रॅमकडून लिहून घ्यायचं. साहेबांना सकाळी दर प्रकल्पाचं एकेक पान हवं होतं.

पूर्वी हे सगळं लोरेटाला तोंडपाठ असायचं. सव्वीस वर्षं तिथं काढलेली बाई. कॅन्सरचे उपचार चालू होते, म्हणून मार्चपर्यंत तरी कामावर ठेवा, नोकरी सुटली तर विमाही जाईल, असं तिनं वेडला विनवलं. वेड सगळ्यांदेखत हसला.

"लोरेटा, तुझ्या डोक्यातलं आता मशीन काढून घेईल. तेही फुकटात."

आम्ही माना खाली घातल्या. मीही घातली, खोटं कशाला बोलू. तिची नोकरी गेली, आणि ऑक्टोबरात तीही वारली.

तर त्या तेरा तारखेच्या रात्री साडेअकराला वेडनं एक्केचाळीसही प्रकल्प त्या प्रोग्रॅमवर एकदम सुरू केले आणि घाईत सगळी पानं साठवायला एकच फोल्डर दिला. पानं आली बेचाळीस. जास्तीच्या पानाचं नाव होतं, वेड प्रूइट. खाली लिहिलेलं: सकाळी मुलीला अंडी करून देतो, पिवळं कच्चं ठेवून.

फोल्डर एकच, म्हणून सरमिसळ झाली असणार. त्यानं सगळं पुसलं आणि एकेक प्रकल्प वेगळ्या फोल्डरात चालवला. पान पुन्हा आलं. आता लांब होतं.

अडीच वाजता त्यानं मला फोन केला.

"हार्लन, यात माझ्या घरचं लिहिलंय. अंडी... अंडी कशी करतात रे?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसलो.

"बंद कर ते आणि घरी जा."

"घर..."

मग कीबोर्ड उगाच बडवल्याचा आवाज आला.

"बंद कसं करतात?"

पुढे नुसता श्वास. मग तोही दूर गेला...

सकाळी तो खुर्चीत सापडला. जिवंत. डोळे उघडे. मुलगी गळ्यात पडली, तर हात कुठं ठेवायचे ते त्याला कळेना.

वेडच्या बायकोनं ते पान छापून घेतलंय. रोज वाचून दाखवते. दात कसे घासायचे, बटण कसं लावायचं, सगळं बिनचूक आहे. फक्त 'मुलगी' या शब्दापुढे एक ओळ आहे: लोरेटाला विचारा.

बायको ती ओळ पेननं खोडते आणि वर मुलीचं नाव लिहिते. टेसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कागदावर खाडाखोड नसते. नाव नसतं.

ओळ असते.