फळीवरची मागची जागा

मावशीच्या दुकानात फळी घ्यायला आलेल्या प्रत्येकाला आधी वजनकाट्यावर उभं राहावं लागे. मुलं कुरकुरायची. "मावशी, मी काय बटाट्याचं पोतं आहे?" असं कोणीतरी हमखास विचारी, आणि मावशी चष्म्यावरून बघत म्हणे, "पोतं परवडलं. ते वळताना तोंड वेडंवाकडं करत नाही. चढ वर."

शाळेत हस्तकला शिकवण्यात तिचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावर तिने घराखालच्या खोलीत हे दुकान थाटलं. चार चाकांच्या लांब फळ्या ती बांधून द्यायची, पण नुसत्या उतारावरून घसरत जायच्या नव्हे, लांब पल्ल्याच्या. सुरुवातीला एकदा पायाने जमीन ढकलायची आणि पाय वर घ्यायचा. मग पाय खाली टेकवायचाच नाही. खांदे, कंबर, गुडघे अशी अंगातून वळणं काढत राहायची, माशाने पाण्यात शेपूट हलवावं तशी. आणि फळी त्या वळणांच्या जोरावर मैलोन् मैल पळते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हिला मोटर आहे.

"मोटर नाही, पाचर आहे," मावशी सांगायची. पुढची दोन चाकं जोडणाऱ्या धुऱ्याखाली लाकडी पाचर अशी ठोकायची की तो जरा झुकताच वळला पाहिजे. मागच्या धुऱ्याखाली तीच पाचर उलटी, म्हणजे तो जवळजवळ वळतच नाही. "पुढचा बोलतो, मागचा ऐकतो. दोघंही बोलायला लागले तर फळी जागच्या जागी डुलत बसते, आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीसारखी." मुलं हसायची. मग येत रबरी बुश. धुऱ्यात बसणारी ही बोटाच्या पेराएवढी रबरं वजन झेलतात. माणूस हलका तर रबर मऊ, जड तर कडक. भिंतीतल्या छोट्या खणांत ती मऊपासून कडकपर्यंत ओळीने ठेवलेली असत. शेवटचा खण कधी उघडावाच लागत नसे. तेवढ्या वजनाचं माणूस या खेळाच्या वाटेला जात नाही.

सगळं बसवलं की एक परीक्षा असे. मुलाने फळीवर उभं राहून एका कडेला पूर्ण झुकायचं आणि मावशी चाक आणि फळी यांच्यामध्ये एक छोटा ठोकळा सरकवून बघायची. ठोकळा गेला तर ठीक. अडला तर रबर मऊ आहे. मऊ रबरावर वळताना चाक फळीला चावतं, जागीच थांबतं, आणि वरचा माणूस पुढे फेकला जातो.

"कडक फळी दमवते," मावशी म्हणायची, "मऊ फळी फेकते. शंका आली तर दमलेलं बरं."

दुकानात एक फळी मात्र विकायची नव्हती. वरच्या खुंटीला, कापडात गुंडाळलेली. ती मावशीच्या ताईची.

ताई म्हणजे भिंगरीची आई. भिंगरी जेमतेम शाळेत जायला लागली होती तेव्हा, धुक्याच्या एका सकाळी, ताई ती फळी घेऊन बांधावर गेली. बांध म्हणजे गावाबाहेरचा लांबलचक डांबरी रस्ता, एका बाजूला दलदल, दुसरीकडे खोल पाणी. पाय न टेकवता तो पार करायचा हे तिचं जुनं वेड. ताई परत आली नाही. फळी सापडली, बरोबर मध्यावर, रस्त्याच्या मधोमध, तोंड घराकडे करून. पाणी ढवळून झालं, दलदल पालथी घातली. काही नाही. भिंगरीला मावशीने वाढवलं.

आता भिंगरी आईच्या उंचीची झाली होती, आणि एका दुपारी तिने खुंटीकडे बोट दाखवलं.

"मला बांध करायचाय. त्या फळीवर."

मावशीच्या हातातला पाना तसाच राहिला. "तुला नवी बांधून देते. हलकी, छान."

"तीच."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी स्वतः लावीन. मग ठोकळा जातोय की नाही, कोण बघणार?"

पोर आईवर गेली होती. मावशीने शिडी घेतली.

जुन्या रबरांचा हातात घेताच भुगा झाला. मावशीने चाकं बदलली, मोठी आणि जरा मऊ, खरबरीत डांबरावर गुळगुळीत जाणारी. बेअरिंग नवी घातली, पाचरी नव्या तासल्या. जुनी राहिली ती फक्त लाकडाची फळी. भिंगरीचं वजन घेऊन त्याप्रमाणे रबर बसवलं.

"झुक."

भिंगरी झुकली. ठोकळा अडला.

"बरंच खाल्लेलं दिसतंय," मावशी म्हणाली आणि पुढच्या खणातलं रबर काढलं. ठोकळा पुन्हा अडला. भिंगरीला उतरवून ती स्वतः वर चढली. ती भिंगरीपेक्षा चांगली जाडजूड. भिंगरीने खाली बसून ठोकळा सरकवला. तो सहज आरपार गेला.

मावशी खाली उतरली.

"तू जोर देतेयस पायाने," मावशी म्हणाली.

"नाही गं."

मावशीने वजनकाटा आणला, तो फळीच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने ठेवून बघितला. धुरे उलटे करून बघितले, नट तपासले. भिंगरीच्याच वयाच्या आणि अंगाच्या शेजारच्या मुलीला बोलावून तिला उभं केलं. तिच्यासाठी ठोकळा गेला. शाळेत ती मुलांना सांगायची, दर वेळी एकच गोष्ट बदला म्हणजे चूक कुठे आहे ते कळतं. तिने एकेक गोष्ट बदलली. प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं. फळी फक्त भिंगरीखाली दबत होती.

खणामागून खण उघडत गेले. शेवटचा खण ओलाव्याने फुगला होता, मावशीला तो ओढून काढावा लागला. त्यातलं रबर बसवल्यावर ठोकळा गेला, अगदी मोजून मापून, जसा जावा तसा.

मावशी स्टुलावर बसली. भिंगरीचं वजन तिला माहीत होतं. या रबराला किती वजन लागतं तेही. एकातून दुसरं वजा केल्यावर जे उरलं, ते वजनही तिच्या ओळखीचं होतं. कधीकाळी याच फळीसाठी, त्याच वजनाचं रबर तिने स्वतः निवडलं होतं.

तिने रिकामा खण परत भिंतीत ढकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीने शाळेच्या रिकाम्या पटांगणात फळी चालवून बघितली. मावशी पायरीवर बसून होती. ओल्या फरशीवर चाकांचा आवाज येत होता, कोणीतरी दूर रेशमी कापड फाडतंय तसा. फळी वाहत होती. भिंगरीच्या अंगातून एक वळण निघे, पुढचा धुरा बोले, मागचा ऐके, आणि ती पाण्यावरून गेल्यासारखी कोपऱ्यापर्यंत जाई. इतकी चांगली लागलेली फळी मावशीने आयुष्यात बघितली नव्हती. फक्त एक होतं. भिंगरीचं वळण संपल्यावरही फळी आणखी क्षणभर झुके. मागे उभ्या असलेल्याने जरा उशिरा झुकावं, तशी.

"मागे एवढी जागा का सोडतेस?" मावशीने हाक मारली. "मागचा पाय धुऱ्यावर हवा."

भिंगरीने खाली बघितलं. तिचे दोन्ही पाय फळीच्या पुढच्या अर्ध्यात होते.

"मी कुठे सोडतेय?" ती म्हणाली आणि पाय मागे नेला. दोन वळणांनी तो पुन्हा पुढे आलेला होता.

मावशीला आठवलं. त्या दोघी बहिणी लहान असताना एकाच फळीवर उभ्या राहायच्या. धाकटी पुढे, ताई मागे, ताईचा हात धाकटीच्या खांद्यावर. "पुढे सरक गं," ताई म्हणायची, आणि ही सरकायची. पुढे भिंगरीलाही ताईने असंच उभं केलं होतं, अंगणात, एवढीशी असताना.

"बरी चालते?" मावशीने विचारलं.

"मस्त." भिंगरी खांदा चोळत होती. "कोणीतरी तोल सावरतंय असं वाटतं."

बांधाच्या आदल्या संध्याकाळी मावशी दोन रबरं समोर ठेवून बसली. एक भिंगरीच्या वजनाचं, एक शेवटच्या खणातलं. तिला पोर परत हवी होती, बाकी काही नको होतं. तिने मुलांना शिकवायची तसाच विचार केला. एकटीसाठी लावली आणि वर दोघी असल्या, तर चाक चावेल, पोर पाण्यात. दोघींसाठी लावली आणि ती एकटीच असली, तर दमेल. नुसती दमेल.

तिने कडक रबर बसवलं आणि नट पक्का आवळला.

सकाळी धुकं होतं. भिंगरीने अलीकडच्या टोकाला एकदाच जमीन ढकलली, पाय वर घेतला आणि दिसेनाशी झाली. मावशी वळसा घालून जाणाऱ्या बसने पलीकडच्या टोकाला पोहोचली. तिथे पाण्याचे दरवाजे होते आणि ते सांभाळणारे, सगळ्यांचे दरवाजेकाका.

"भाची येतेय म्हणे," काका म्हणाले. "मला वाटलं तुम्हीच येताय फळीवरून. झेंडा घेऊन उभा राहणार होतो."

"माझे गुडघे बघा आधी."

"माझे तर बघावे लागत नाहीत, ऐकूच येतात."

मावशी हसली, पण तिचे कान बांधाकडे होते. धुकं पाण्यावर बसलं होतं. दरवाजातून गळणारं पाणी टपटपत होतं. मग लांबून आवाज आला, रेशीम फाटल्याचा. एक वळण, दुसरं वळण. भरदार, सावकाश, झोपेतल्या श्वासासारखं.

"आली," काका म्हणाले.

आवाज थांबला.

काका काठावर पुढे झाले. "पडली का?"

मावशीने हात वर करून त्यांना गप्प केलं.

आवाज पुन्हा सुरू झाला. पण आता तो पातळ होता. वळणं आखूड, घाईची, धापा टाकल्यासारखी.

"काय झालं हो?"

"हलकी झाली," मावशी म्हणाली.

काकांना काही कळलं नाही.

बराच वेळ नुसतं ते ऐकणं. मग धुक्यात एक काळपट रेघ, मग खांदे, मग भिंगरी. घामाने चिंब. फळी तिच्याखाली दगडासारखी ताठ. तरी ती अंग पिळून पिळून एकेक वळण काढत होती. पाय खाली नव्हता. शेवटच्या खांबाजवळ ती मावशीच्या अंगावरच कोसळली.

मावशीने तिला धरलं. घट्ट. दोन्ही हातांनी चाचपून बघितलं, सगळी आहे ना.

"दमवलंस," भिंगरी म्हणाली.

"फेकलं तर नाही ना?"

"नाही." तिने श्वास घेतला. "मध्यावर उतरली."

मावशीने कोण ते विचारलं नाही.

"खांद्यावरचा हात निघाला. मग पावलं ऐकू आली. लांब जाणारी."

"पाण्याकडे?"

"नाही. आपल्या घराकडे."

बसमध्ये भिंगरी मावशीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. फळी दोघींच्या मांडीवर आडवी होती. मावशी खिडकीतून बघत मनाशी समजूत घालत होती. थंडीत रबर कडक होतं. हे ती दर हिवाळ्यात मुलांना सांगते. धुक्यात तास काढल्यावर होणारच. घरी ऊब लागली की सैल पडेल.

दुकानात तिने शेगडी लावली. फळी जमिनीवर ठेवली. रबर कोमट झालं तेव्हा तिने भिंगरीला उभं केलं.

"झुक."

फळी हललीच नाही. तसले तीन ठोकळे मावले असते.

"बघ," भिंगरी म्हणाली. "आता मी एकटीच."

मावशीच्या छातीवरचं ओझं उतरलं. उद्या भिंगरीच्या वजनाचं रबर बसवायचं, संपलं. "तू उतर. माझ्याखाली किती झुकते बघू. तू ठोकळा धर."

ती वर चढली आणि कडेला जरा कलली. नुसती जरा.

फळी अलगद झुकली.

भिंगरी गुडघ्यांवर बसली होती. तिने ठोकळा लावला, काढला, पुन्हा लावला.

"मावशी," ती हळूच म्हणाली. "जात नाहीये."

शेगडीत काहीतरी तडकलं. मावशीने मागे बघितलं नाही. पण तिचा मागचा पाय, कोणी न सांगता, वीतभर पुढे सरकला होता.