यातला गुलाबी कुठला?

डेनिस मला पहिल्यांदा भेटला तो बहारीनला, मनामाच्या सूकमध्ये म्हणजे जुन्या बाजारात, उस्मानच्या कापडाच्या दुकानात. मी आईशी मराठीत कुरकुरत होते, ते त्यानं ऐकलं असावं. दोऱ्याची दोन रिळं माझ्यासमोर धरून म्हणाला, "जरा सांगशील, यातला गुलाबी कुठला?"

आता एक रीळ गुलाबी, दुसरं राखाडी. शेंबडं पोरगंही सांगेल. ओळख काढायची ही कसली तऱ्हा, म्हणून माझा पारा चढला... पण तो हसला, आणि माझे गाल असे तापले की काही सुचेना. गुलाबी रीळ त्याच्या हातात आदळून मी आईमागे पळाले.

तो १९८३ सालचा उन्हाळा. सप्टेंबरात शाळा उघडली, मी ए-लेव्हलच्या केमिस्ट्रीच्या वर्गात गेले, आणि पुढच्याच बाकावर हे ध्यान बसलेलं! वसईचाच निघाला, पापडीचा. आम्ही शेजारच्या गिरीजचे. आमच्या शाळेतले बाकीचे बारावी करून मोकळे होणार होते, पण ए-लेव्हल म्हणजे दोन वर्षांचा अभ्यास एका परीक्षेवर. पेपर लंडनहून यायचे आणि तपासायला तिकडेच जायचे. आमचं हे दुसरं, शेवटचं वर्ष; डेनिस मधूनच दुसऱ्या शाळेतून आलेला. इस्पितळात स्टोअर सांभाळणाऱ्या माझ्या पप्पांना पोरीचं सर्टिफिकेट जगात कुठेही चालणारं हवं होतं. त्या एका शब्दापायी, 'जगात', मी पहाटे उठून घोकत बसायचे.

लॅबमध्ये एका टेबलाला दोघं. माझ्या वाट्याला डेनिस. काम साधं... वरच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचं, आणि खालच्या फ्लास्कमधलं पाणी ज्या थेंबाला फिक्कट गुलाबी होईल तिथे थांबायचं. एक थेंब जास्त पडला की केलेलं सगळं पाण्यात. गणितात मला कुठच्या कुठे मागे टाकणारा हा मुलगा इथे मात्र फ्लास्ककडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघायचा.

"झाला का गं?" हळूच विचारायचा.

मी कानापर्यंत लाल व्हायचे. त्याला सगळं दिसतंय, असं वाटायचं. दिसतंय, तरी पुढे एक शब्द बोलत नाही. मी रात्री उशीत तोंड खुपसून त्याला शिव्या घालायचे, आणि सकाळी लॅबचा तास कधी येतोय म्हणून घड्याळ बघायचे.

एप्रिलमध्ये एकदा मी वहीत डोकं घालून बसले होते. मान वर केली तर त्याच्या फ्लास्कमध्ये चक्क राणी रंग, आणि हा अजून थेंब सोडतोच आहे. "डोळे फुटले का तुझे?" मी म्हटलं. शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात त्यानं मला बाजूला घेतलं.

"फिक्कट गुलाबी मला दिसतच नाही, टेरेसा. राखाडी वाटतो. जन्मापासून."

"मग वर्षभर कसं जमवलंस?"

"तुझ्याकडे बघून. रंग यायला लागला की तू श्वास रोखतेस."

म्हणजे तो बघत होता ते ह्यासाठी... मला रडूच आलं. आणि मी वर्षभर लाल होत होते, तेही ह्या मेल्याला दिसलं नव्हतं.

पण त्याहून मोठी धास्ती पुढे होती. मेमधल्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाचं टेबल वेगळं, बोलायची बंदी. सरांनी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, कुणाला रंग ओळखता येत नसेल तर सांगा, परीक्षेत रंग विचारायची मुभा आहे. मी तेच करायला सांगितलं, पण डेनिस ऐकेना. लंडनच्या कॉलेजसाठी त्याच्या पप्पांची कंपनी स्कॉलरशिप देणार होती, आणि तिच्यासाठीची मेडिकल तपासणी अजून व्हायची होती. बातमी फुटली की खलास. घरीसुद्धा फक्त पप्पांना माहीत, आणि त्यांनी तोंड उघडू नकोस म्हणून बजावलेलं. नापास झालास तर ती स्कॉलरशिप काय चाटायचीय, म्हणून मी भांडले. शेवटी त्यानं माझ्याकडूनच वचन घेतलं, कुणाला सांगणार नाही म्हणून. त्यानंतर माझी झोप उडाली ती उडालीच.

परीक्षेला तो माझ्या पुढे, पाठमोरा. एसी घरघरत होता. माझं एकदाचं झालं आणि नजर त्याच्याकडे गेली. थेंब पडले... सवयीनं त्यानं बाजूला पाहिलं. तिथे भिंत. फ्लास्क गुलाबी झाला, आणि थेंब पडतच राहिले. मी नुसती खोकले असते तरी पुरलं असतं. पण पकडले गेलो तर दोघंही बाहेर. मी श्वास रोखून बसले, आणि तो बघत नव्हता.

फ्लास्क गडद राणी झाला, नळी रिकामी होत आली, तेव्हा कुठे त्याला कळलं. त्यानं तो धुतला, पुन्हा भरला, आणि नुसताच बसून राहिला. मग त्याचा हात वर गेला.

"सर, मला गुलाबी रंग दिसत नाही."

सगळी लॅब वळून बघायला लागली. सर येऊन शेजारी उभे राहिले, आणि रंग आल्यावर त्यांनी सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर ऊन भाजत होतं. तो माझी वाट बघत उभा होता.

"मी तोंड उघडलं, हे पप्पांना सांगायचंय आता," तो म्हणाला. "लंडन गेलं बहुधा."

मी बॅग पायरीवर ठेवली आणि त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"पण आज एवढं बोललोच, तर आणखी एक... मी नुसता रंगासाठी नव्हतो बघत. मला तू आवडतेस. त्या सूकमधल्या दिवसापासून."

बोलून तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. माझे गाल पेटले होते, कान पेटले होते. दुसऱ्या कुणालाही उत्तर मिळालं असतं. ह्याला नाही. बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

"चिडलीस?" त्यानं विचारलं.

आता नुसतं लाल होऊन भागणार नव्हतं. मी त्याचा हात धरला आणि माझ्या गालावर ठेवला. किती तापलाय ते त्याला कळलं असावं, कारण तो हळूहळू हसायला लागला, तेच उस्मानच्या दुकानातलं हसू.

"झाला का गं?" त्यानं हळूच विचारलं.

"केव्हाच झालाय," मी म्हटलं.