सगळ्यांच्याच फोनमध्ये ‘अहो’

“नाहीये! गार्गी, फोन नाहीये इथे!”

प्रियदर्शिनी बॉम्ब शेल्टरमधून बाहेर आली, ती केसांत धूळ घेऊनच. सिंगापूरमधल्या पुंगोलच्या त्यांच्या फ्लॅटमधली ही जाड भिंतींची खोली युद्ध झालं तर लपायला बांधलेली. पण युद्ध काही होत नव्हतं, म्हणून तिथे बॅगा, पिठाच्या पिशव्या आणि घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचा रिकामा खोका राहायचा. मिक्सरचा, इस्त्रीचा, आईच्या जुन्या रुपेरी मोबाइलचासुद्धा! “भारतात परत जाताना लागतील,” असं आईचं म्हणणं. मोबाइलच्या खोक्यात सध्या बटणं होती. खोक्याशेजारी ठेवलेला फोन मात्र गायब झाला होता.

जूनची सुट्टी होती. वरच्या मजल्यावरची गार्गी आणि तिचा धाकटा भाऊ सौमित्र कॅरम खेळायला आले होते.

“जुना फोन ना? सो वॉट लाह!” सौमित्र म्हणाला.

प्रियदर्शिनीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. “त्यात आजी आहे.”

शांताबाई आजी वर्ध्याहून आली होती, तेव्हा प्रियदर्शिनीनं गुपचूप तिचा आवाज त्या फोनमध्ये रेकॉर्ड केला होता. वर्ध्याला परतल्यावर त्याच हिवाळ्यात आजी गेली. बाबांना विमान वेळेवर मिळालं नाही. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून घरात आजीचं नाव निघालं, की बाबा ताटावरून उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

“बाबांना जरा बरं वाटलं, की ऐकवणार होते मी,” प्रियदर्शिनी म्हणाली. “आता कशी ऐकवू?”

तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली. “रुपेरी फोन शोधताय? तो काल बाबांनी श्रीनिवासकाकांना दिला. आपल्या मराठी मंडळातर्फे गावाकडच्या शाळेतल्या बाईंना जुने फोन द्यायचेत ना! सिम काढलं की फोन मोकळा, म्हणाले.”

“काका कधी जाणार पुण्याला?”

“आजच. रात्रीचं विमान आहे.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या क्षणी चपलांचा एकच गोंधळ उडाला!

“अगं, काय झालं? निदान खाऊन तरी जा!”

“आल्यावर, आई! काकांकडे जातोय!”

आउटरम पार्कला मेट्रो बदल, जुरोंग ईस्टला पुन्हा बदल. बुकित बातोकला उतरेपर्यंत प्रियदर्शिनी स्टेशनं मोजत राहिली. सौमित्रनं आपलं शेवटचं चॉकलेट तिच्या हातात कोंबलं आणि खिडकीबाहेर बघत बसला.

श्रीनिवासकाका हॉलमध्ये बॅग वजनकाट्यावर चढवून घाम पुसत होते. “या, या! सौमित्र, बस या बॅगेवर, झिप लागत नाहीये!”

“काका, आईचा फोन परत हवाय!”

“एवढंच ना? घे की.” त्यांनी खोका पुढे सरकवला.

प्रियदर्शिनीचा चेहरा उतरला. आत एकसारखे रुपेरी फोन होते! मंडळातल्या बहुतेक सगळ्यांनी एकाच ऑफिसच्या योजनेतून घेतलेले. एक चालू केला, तर पडद्यावर नुसतं ‘सिम घाला’ अशी इंग्रजी सूचना. पुढे काही उघडेचना.

“बघ, सिम नाही म्हणजे ना नाव, ना गाव,” काका म्हणाले. “यातला कुठलाही घे. सगळे सारखेच.”

“सारखे नाहीत!” प्रियदर्शिनी म्हणाली. डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता.

“काका, तुमचं सिम घालून बघू या?” सौमित्रनं सुचवलं.

काकांनी सिम घातलं. फोन जिवंत झाला!

“आईच्या फोनमध्ये बाबांचा नंबर ‘अहो’ या नावानं आहे,” प्रियदर्शिनी घाईघाईनं म्हणाली.

“अहो... अहो... हा काय, आहे की! सापडला!” काकांनी विजयी मुद्रेनं एक मेसेज उघडला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “‘आज परत तुमच्या आईंनी माझ्या आमटीला नावं ठेवली. मी काही बोलले नाही, पण रात्री मुद्दाम तीच आमटी...’”

“अहो!!”

स्वयंपाकघरातून सुचित्राकाकू झारा घेऊनच धावत आल्या. “तो माझा फोन आहे! द्या इकडे!”

“तुझा? पण मी तर सिम काढलं होतं! म्हणजे सगळं जायला हवं...”

“काही गेलेलं नाही, काका,” गार्गी हसू दाबत म्हणाली. “मेसेज फोनच्या पोटात राहतात. आणि मंडळातल्या सगळ्या मावश्या नवऱ्याला अहोच म्हणतात. सगळ्यांच्याच फोनमध्ये ‘अहो’ असणार!”

“मग एकेक उघडून बघू,” काका म्हणाले.

“खबरदार!” काकूंनी झारा उगारला. “प्रत्येक फोनमध्ये कुणाची तरी आमटी असेल. एकही मेसेज वाचायचा नाही!”

प्रियदर्शिनीनं मान हलवली. आजीला शोधायचं म्हणून दुसऱ्याच्या घरात डोकावायचं? ते आजीलाच आवडलं नसतं. पण मग फोन ओळखायचा कसा?

“थांबा!” गार्गी एकदम उठून उभी राहिली. “शाळेत पोलीस आले होते, त्यांनी सांगितलं होतं! प्रत्येक फोनला स्वतःचा नंबर असतो. सिमचा नाही, फोनचा! स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश!”

तिनं सिम नसलेल्या एका फोनवर बटणं दाबली. पडद्यावर आकड्यांची लांबलचक रांग उमटली! दुसऱ्यावर दाबली, तर वेगळीच रांग.

“पण आईच्या फोनचा नंबर कोणाला माहीत?” काकांनी विचारलं.

“तो खोक्यावर छापलेला असतो...” गार्गी म्हणाली.

“आणि आमच्याकडे खोका आहे!” प्रियदर्शिनी ओरडली. तिनं काकांच्या घरातल्या फोनवरून आईला गाठलं. “आई, बटणांचा खोका काढ!”

“आता बटणं कशाला गं?”

“बटणं नकोत, खोक्यावरचा लांब नंबर वाच!”

पलीकडून बटणं ताटलीत ओतल्याचा खळखळ आवाज आला. मग आई एकेक आकडा सावकाश वाचू लागली आणि सौमित्रनं तो पेननं तळहातावर, मग जागा संपली म्हणून मनगटावर लिहिला.

एकेक फोन चालू होऊ लागला. “हा नाही... हाही नाही...”

शेवटचा फोनही खाली ठेवला. एकही जुळला नव्हता.

काका डोकं खाजवू लागले. “तसा अजून एक होता... चालूच होत नव्हता. मेलेला फोन कुणाला द्यायचा, म्हणून मी तो...”

“अहो, कचऱ्यात टाकलात?” काकू ओरडल्या.

“पिशवीत! पिशवी कचऱ्याच्या शूटच्या झाकणापाशी आहे, अजून खाली टाकली नाही!”

सौमित्र स्वयंपाकघराकडे सुटला. पिशवी फाडली, कांद्याची सालं, चहाचा चोथा, आणि तळाशी रुपेरी काहीतरी! गार्गीनं फोनची पाठ उघडून बॅटरी काढली. आतल्या चिकटपट्टीवर बारीक आकडे होते. सौमित्रनं मनगट पुढे केलं. प्रियदर्शिनी बोट ठेवत ठेवत शेवटच्या आकड्यापर्यंत गेली.

“हाच!” ती एवढंच म्हणाली आणि फोन गालाला लावून उभी राहिली, चहाच्या चोथ्यासकट.

“मेलेला नाही काही,” सौमित्र म्हणाला. “भूक लागलीये त्याला. चार्जर, प्लीज!”

संध्याकाळी मुलांना न्यायला बाबा ऑफिसमधून थेट तिकडेच आले. “उत्तम, तुझ्या लेकीनं आणि या दोघांनी आज मंडळाची लाज राखली रे!” काका म्हणाले. “मी आख्ख्या मंडळाचे निरोप गावभर वाटायला निघालो होतो! आता हे फोन इथेच राहणार. ज्याचा त्यानं आधी पुसून द्यावा, मग पुढच्या खेपेला नेईन.”

“आणि माझा देणारच नाही,” काकू म्हणाल्या. “बसा भावजी, पानं घेतलीयेत.”

“नको वहिनी, भूक नाही,” बाबा नेहमीसारखं म्हणाले.

प्रियदर्शिनीनं त्यांच्या फोनमधलं सिम मागून घेतलं, रुपेरी फोनमध्ये घातलं आणि तो त्यांच्या हातात ठेवला. “बाबा, ऐकाल?”

आधी खरखर झाली. मग तो आवाज आला, थोडा लाजलेला, थोडा मोठ्यानं.

“सुरू झालं का गं, प्रिया? काय बोलू यात? ...उत्तम आला का घरी? लेकरू किती उशिरा येते. जेवला का विचार त्याले. भाकर झाकून ठेवली, म्हणा. उपाशी नको झोपू म्हणा.”

बाबा उठतील, गॅलरीत जातील, असं प्रियदर्शिनीला वाटलं. ते उठले नाहीत. फोन दोन्ही हातांत धरून त्यांनी पुन्हा तेच लावलं. चष्मा काढला. मग त्यांनी फोन तोंडाशी नेला, जणू पलीकडे कुणी वाट बघतंय.

“जेवतो गं, आई,” ते म्हणाले.

आणि पाटावर जाऊन बसले.