घर तुमच्याकडे

उद्याची पहाटेची ड्युटी घेता का, एवढंच विचारायला तुम्ही आलात, आणि वर विचारलंत, हा माणूस सुट्टी का घेत नाही, घर असून घरी का जात नाही. ड्युट्या लावणाऱ्या खोलीत नवीन आहात ना? जुने कुणी विचारत नाहीत. बसा, सांगतो. तो छोटा दिवा राहू द्या तसाच. पडदे मीच ओढलेत. संध्याकाळचं ऊन आता मला सोसत नाही.

लोकांना वाटतं वैमानिक म्हणजे राजा माणूस. लांब पल्ल्याचे असतील राजे. आम्ही आपले आकाशातले बसवाले. तासाभराचं उड्डाण, पंचवीस मिनिटं थांबा, की पुन्हा उड्डाण, असं दिवसातून चार वेळा. पहाटे तीनला गजर, डबा मांडीवर, झोप तुकड्यातुकड्यानं. 'थकलोय' असा अर्ज करायची सोय आहे बरं का, कागदावर! पण तो अर्ज केलेला माणूस कॅप्टन झालेला मी तरी अजून पाहिला नाही.

आमच्यात एक पक्का नियम आहे. विमान एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना दोघांनी बोलायचं. देणारा म्हणतो, "विमान तुमच्याकडे." घेणारा म्हणतो, "विमान माझ्याकडे." दोघं बोलल्याशिवाय अदलाबदल होत नाही. माझ्या घरात त्याची थट्टाच झाली होती. बॅग उचलली की मी बायकोला म्हणायचो, "घर तुझ्याकडे." ती म्हणायची, "घर माझ्याकडे. नेहमीसारखंच!" आणि हसायची. हसली की तिच्या समोरच्या दाताचा उडालेला टवका दिसायचा. फार गोड दिसायची.

तो शुक्रवार होता, माझा सलग सहावा दिवस. लेक सहा वर्षांची होती आणि तिचा पहिला दात हलत होता. "बाबाच काढणार," म्हणून हटून बसली होती, कुणाला हात लावू देत नव्हती. दोनदा शब्द देऊन दोनदा मी पोचलो नव्हतो. या वेळी नक्की, असं सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी त्या दाताशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं.

चौथं उड्डाण चालू होतं. कॅप्टन होते आमचे घड्याळकाका. दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधायचे. विचारलं तर म्हणायचे, एक कंपनीचं, एक बायकोचं, दोन्हींकडे उशीरच! समोरून मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. इंजिनांची एकसुरी घुमघुम, शिळ्या कॉफीचा वास. एकानं जागं राहून दुसऱ्यानं थोडी डुलकी काढायची, एवढी मुभा असते.

"वीस मिनिटं डोळे मिटतो," काका म्हणाले. "विमान तुमच्याकडे."

"विमान माझ्याकडे," मी म्हणालो.

ते लगेच घोरायला लागले. आणि थोड्या वेळानं मला कळलं, की आपणही चाललो. मान पडत होती, समोरचे आकडे पुसट होत होते. काकांना उठवायला हवं होतं. विमान त्यांच्याकडे द्यायला हवं होतं. मी कसंबसं तोंड उघडलं, पण जीभ जड झाली होती, डोक्यात घर होतं... आणि तोंडातून निघालं, "घर तुमच्याकडे..."

मागून उत्तर आलं.

"घर माझ्याकडे."

आमच्या मागे एक घडीची खुर्ची असते, तपासनीस आले तर बसायला. त्या दिवशी कुणी आलं नव्हतं. दार आतून बंद होतं. आवाज हळू होता, अगदी शांत... आणि खरं सांगू? मला भीती वाटली नाही. सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी घेतलंय, एवढं कळलं आणि मी सोडून दिलं.

जाग आली तेव्हा तेवीस मिनिटं गेली होती. काका घोरतच होते. विमान सरळ चाललं होतं. नोंदींच्या कागदावर मधल्या दोन ठिकाणांच्या वेळा लिहिलेल्या होत्या. अक्षर माझं होतं. मी काकांना हलवलं. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं, मग हळूच मागे वळून पाहिलं. घडीची खुर्ची उघडी होती. तिला स्प्रिंग असते, बसलेला माणूस उठला की ती आपोआप मिटते. आम्ही बघत होतो, तेव्हा ती मिटली... खट्.

"कुठं बोलू नका," काका पुटपुटले. "दोघंही झोपलो होतो असं कळलं, तर दोघंही कायमचे घरी बसू."

उतरल्या उतरल्या फोन आला, तुमच्याच खोलीतून. कुणीतरी आजारी पडलंय, पहाटेचं विमान घ्या. मी नाही म्हणायला हवं होतं. पण पुढच्या महिन्यात कॅप्टनपदाची यादी लागणार होती. मी "बरं" म्हणालो. मग घरी जायचं सोडून विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलो आणि तिथून घरी फोन लावला. लेकीनं उचलला.

"कोण?"

"बाबा. हे बघ राणी, आज काही..."

"विमानातला बाबा?"

"विमानातला म्हणजे?"

"दात काढला! दुखलंपण नाही."

"कुणी... आईनं?"

"नाही. घरातल्या बाबानं." ती खुदकन हसली. "त्याला झोपच येत नाही. तो रात्रभर माझ्याकडे बघत बसणारे."

फोन तिच्या हातून कुणीतरी घेतला. आधी श्वास ऐकू आला. मग माझाच आवाज, पण पोटभर झोप झालेल्या माणसाचा.

"विमान तुमच्याकडे."

मला ओरडायचं होतं. बायकोला हाक मारायची होती. पण अकरा वर्षांची सवय हो... ते वाक्य कानावर पडलं की तोंड आपलं आपण चालतं. मी म्हणालो, "विमान माझ्याकडे."

फोन बंद झाला. सकाळी गणवेशाच्या खिशात दात सापडला. इवलासा, ओला.

आठवड्यानं घरी गेलो. दाराबाहेर माझ्या चपला होत्या. पाय घातला, तर आतून गरम. बेल वाजवली. बायकोनं साखळी न काढता फटीतून माझ्या गणवेशाकडे पाहिलं आणि सभ्यपणे विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" मी म्हणालो, "घर माझ्याकडे." दोनदा म्हणालो. पण देणाऱ्यानं दिल्याशिवाय परत घेता येत नाही. तिनं दार लावून घेतलं.

याला चार वर्षं झाली. यादी लागली, कॅप्टन झालो, हे पट्टे बघता आहात ना! लेकीचा दात पडला की तो माझ्या खिशात येतो. या डबीत पंधरा आहेत. पोर वाढतेय, हे मला एवढ्यावरूनच कळतं.

परवाचा मात्र वेगळा आहे. घ्या, हातात घेऊन बघा. हा दुधाचा नाही, मोठ्या माणसाचा आहे. समोरचा. कोपऱ्याचा टवका उडालेला दिसतोय का तुम्हाला...?

कालपासून घरी फोन करतोय. उचलला जातो, पण कुणी बोलत नाही. नुसतं मागे काहीतरी मिटल्यासारखं वाजतं, खट्. पोलिसांत गेलो, तर काय सांगू? घरात कोण आहे म्हणून विचारतील. घरात मीच आहे.

आणा तो दात इकडे. आणि पहाटेची ती ड्युटी... लावा माझ्याच नावावर.