किनाको कुणाकडून शिकला

जपानमधल्या मात्सुए गावी, शिंजी तळ्याच्या काठी, काजितानी नवराबायकोनं एक जुनं लाकडी घर भाड्यानं घेतलं होतं. घरात माणसं दोनच. शिवाय सुमी नावाची काळी मांजर आणि किनाको नावाचा चिमुकला पिवळा पोपट.

नवरा हिसाशी बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेला. सकाळी तळ्यावर गळ टाकून बसायचा आणि चांगला मासा मिळाला की त्याला शाई फासून, वर पातळ कागद दाबून ठसा घ्यायचा. भिंती माशांच्या ठशांनी भरल्या होत्या. "आधी काळं फासायचं, मग धुऊन भाजून खायचं. त्या माशानं तुमचं काय घोडं मारलंय?" असं त्याची बायको तोमोए म्हणायची. ती स्वतः दुपारपर्यंत औषधांच्या दुकानात काम करी. दुपारी घरी येऊन गोल लाकडी चौरंगापुढे बसे आणि रेशमाच्या दोऱ्यांचे गोफ विणी. दोऱ्यांची लाकडी रिळं एकमेकांवर टकटक आपटत. किनाको तो आवाजही हुबेहूब काढायचा.

किनाको बोलका होता. "आलात का?", "सुमी, खाली उतर", असं काहीबाही दिवसभर चालायचं. पण एकदा कानावर पडलं आणि बोलला, असं त्याचं नव्हतं. तेच वाक्य रोज ऐकवलं, की कधीतरी महिन्याभरानं त्याच्या तोंडी येई.

म्हणून त्या दुपारी तोमोएचा हात गोफावर थांबला.

"अहो, चहा गार होतोय," किनाको म्हणाला.

वाक्य साधंच होतं. पण ते तोमोएचं नव्हतं. तो इकडच्या जुन्या बायकांचा, शेवटच्या शब्दाला लांबवणारा हेल होता. तोमोए लांबच्या कोबे शहरातली. असा हेल तिला ठरवूनही जमला नसता.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताच तिनं चहाचे पेले वास घेऊन पाहिले, आणि स्वतःचीच लाज वाटून फडताळात ठेवून दिले. किनाको रोज म्हणत राहिला, "अहो, चहा गार होतोय." तोमोए हळूहळू जेवताना गप्प राहायला लागली. हिसाशीही. त्यालाही काहीतरी खुपत असावं, हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच तिचा संशय वाढत होता.

शेवटी एका रविवारी सकाळी, न्याहारीच्या वेळी, तिनं वाडगा खाली ठेवला.

"मी दुकानात असते तेव्हा घरी कोण येतं?"

"हे तू मला विचारतेस?" हिसाशीचा चेहरा लाल झाला. "मी तळ्यावर असतो तेव्हा इथं कोण असतो, ते तू सांग."

"कोण असतो म्हणजे?"

"तो पोपट माझ्यासमोर बाप्याच्या आवाजात बोलतो, तोमोए. 'दार नीट लाव गं,' म्हणतो. घोगऱ्या आवाजात. माझा आवाज आहे का तसा?"

तोमोएनं पिंजऱ्याकडे पाहिलं. मग तोमोएला हसू फुटलं, आणि तिच्यामागून हिसाशीलाही. इतके दिवस दोघं एकमेकांवर संशय घेत होती! ती बराच वेळ हसली. डोळे पुसले. मग हसू संपलं.

"शेजारच्यांचा रेडिओ असेल," तोमोए म्हणाली.

"शेजारी कोण आहे?"

शेजारी कुणीच नव्हतं. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला कांद्याचं शेत.

घरमालकाला तिनं आडून आडून विचारलं. आधीची भाडेकरू मंडळी सुखरूप ओसाकाला राहायला गेली होती. घरात कधी कुणी मेलं नव्हतं, काही वाईट घडलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात किनाकोनं दोन्ही आवाज एकापाठोपाठ काढले.

"गेली का?" घोगरा आवाज.

"गेली. वळून बघत होती." तो हेल.

तोमोए रोज निघताना कोपऱ्यावर थांबून मागे वळायची, सुमी खिडकीत बसली आहे ना ते बघायला. हे तिनं हिसाशीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

तरी तोमोए डगमगली नाही. जे ऐकू येतं ते मोबाइलमध्ये भरता येतं, असं तिचं सरळ म्हणणं. तिनं मोबाइल पिंजऱ्याशेजारच्या उशीवर आवाज भरायला लावून ठेवला, आणि दोघं बाजाराला गेली. परत आल्यावर सगळं जिथल्या तिथं होतं. चहाचं भांडं थंड होतं. दार लावलेलं होतं.

जेवणाच्या मेजाशी बसून त्यांनी ते ऐकलं. किनाकोची बडबड. रिळांची नक्कल. बाहेरून गेलेली एक गाडी.

मग किनाको गप्प झाला.

"झोपला," हिसाशी म्हणाला.

"नाही." तोमोएनं मोबाइल कानाजवळ धरला. किनाको गप्प होतो तो कुणी बोलत असलं की. मान तिरकी करून ऐकतो. आणि बोलणाऱ्यानं शाबासकी दिली की बारीकशी शीळ घालतो.

मोबाइलमधून बारीकशी शीळ आली.

पुन्हा शांतता. लांबलचक. पुन्हा शीळ.

माणसाचा आवाज मात्र कुठंच नव्हता. मध्ये फक्त सुमीची घुरघुर होती, अगदी जवळून. मांडीवर घेऊन मानेखाली खाजवलं, तरच ती तशी घुरघुरे.

हिसाशीनं हात पुढे करून मोबाइल बंद केला. "आपण जागा बदलू," एवढंच म्हणाला.

महिन्याच्या आत त्यांनी मात्सुए सोडलं. समुद्राकाठच्या योनागोला नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. भिंती काँक्रीटच्या, खोल्या आटोपशीर, वरखाली माणसांचा राबता. हिसाशीनं माशांचे ठसे पुन्हा लावले. तोमोएला इथंही औषधांच्या दुकानात काम मिळालं. किनाको मात्र मुका झाला. जागा बदलली की पक्षी असे गप्प होतात, असं पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले. तोमोएला ते मनापासून पटलं. हिवाळाभर पिंजऱ्यातून शब्द आला नाही, आणि ती पुन्हा गाढ झोपू लागली, जेवताना नवऱ्याची टिंगल करू लागली.

वसंतात तिला सर्दी झाली म्हणून ती एक दिवस कामावर गेली नाही. हिसाशी समुद्रावर गेला होता. खोलीत ऊन आलं होतं. ती चौरंगापुढे बसून गोफ विणत होती.

किनाकोनं पंख झटकले.

"आई, हे घर लहान आहे," तो म्हणाला.

आवाज लहान मुलाचा होता. चारेक वर्षांच्या मुलाचा. असा आवाज त्यांनी मात्सुएला कधीच ऐकला नव्हता.

तोमोएचे हात थांबले. रिळं लोंबत राहिली.

मग त्याच्याच चोचीतून तो ओळखीचा हेल आला, दबक्या आवाजात.

"हळू बोल रे. आज ती घरीच आहे."

तोमोएनं मान वर केली नाही. एक दोरा उचलला आणि दुसऱ्यावरून नेला. मग पुढचा.

खिडकीतल्या उन्हात झोपलेली सुमी उठली. तिनं आळस दिला, वर पाहिलं, आणि कुणाला तरी शेजारी बसायला जागा करून द्यावी तशी जराशी बाजूला सरकली.