दुसरी चौकट

क्रांतीच्या उचगावच्या घरातला कॉम्प्युटर रात्रीतून आपोआप अपडेट झाला आणि सकाळी त्याचा वेबकॅम आंधळा झाला. परीक्षा चार दिवसांवर आली होती. यंत्रांना नेमका मुहूर्त कसा कळतो कोण जाणे. क्रांती शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तपासणी विभागात होती. ही परीक्षा घरी बसून, कॅमेऱ्यासमोर द्यायची होती आणि पास झाली तर पुण्याच्या मुख्य ऑफिसात बढती ठरलेली होती. संधी एकच. परीक्षेला बसलेल्या माणसाजवळ दुसरं कोणी दिसलं की पेपर रद्द.

तिच्या नवऱ्याने, प्रसेनजीतने, शिफ्टवरून आल्यावर कॅमेऱ्याचा नवा ड्रायव्हर शोधून टाकला. चित्र आलं. क्रांतीने लगेच परीक्षेच्या सॉफ्टवेअरवर सराव चाचणी लावली. तिच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आली आणि खाली तिचं नाव. मग तिच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी, उभ्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर आणखी एक चौकट उमटली. तिच्याखाली लिहिलं होतं, 'अनोळखी व्यक्ती'.

दाराशी कोणी नव्हतं.

ओतीव लोखंडातली बारीकशी पोकळीही शोधून काढणारी बाई ती, अशी गप्प बसणार थोडीच. तिने दाराजवळचं गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर काढलं. खुंटीवरचा रेनकोट काढला. चौकट तिथेच. शेवटी तिने दारावर चादर टांगली, तर चौकट चादरीच्या पुढे आली.

"तुम्हीच कायतरी घातलंय ह्यात," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी? ड्रायव्हर टाकला तेवढाच की."

"मग ह्यो दुसरा माणूस कुठनं आला?"

"मला काय म्हाईत? दे की परीक्षा, मी कवा नको म्हटलो?"

नको म्हटलं नव्हतं, हेच तर तिचं दुखणं होतं. पुण्याचा विषय निघाला की तो नुसतं 'बघू' म्हणायचा. नको म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. त्या 'बघू'चं कुसळ तिच्या मनात केव्हापासून सलत होतं, आणि आता त्याच माणसाने हात लावलेला कॅमेरा तिला खोटं पाडत होता.

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून सम्राट आला. त्याने नवा ड्रायव्हर काढला, जुना टाकला, कॅमेरासुद्धा बदलला. शेवटी सगळं मशीन दुकानात नेलं. तिथे तो एकटा कॅमेऱ्यासमोर बसला, तर एकच चौकट आली. "वैनी, एकदम ओके हाय," असं फोनवर सांगून त्याने मशीन परत आणून जोडलं. घरात पुन्हा दोन चौकटी. सम्राटने पडद्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि चहा नको म्हणून निघून गेला. कोल्हापुरात चहाला नको म्हणणारा माणूस क्रांतीने पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी तिची सासू आक्काताई भाजी घेऊन आली आणि पिशवी हातात धरूनच पडद्याशी थबकली.

"ह्ये कोण उभं हाय गं?"

"कोण न्हाय आत्या. कॉम्प्युटर चुकतोय."

आक्काताईने अक्षरं लावत वाचलं, 'अनोळखी व्यक्ती', आणि तिला हसू फुटलं. "अनोळखी म्हणून दारात उभं ऱ्हायचं व्हय?" ती मोकळ्या दाराकडे वळली. "पावणं, आत या की. बसा. च्या टाकते."

क्रांतीही हसली. मग तिचं लक्ष पडद्याकडे गेलं.

चौकट दारातून हलली होती. हळूहळू सरकत ती दिवाणापाशी आली आणि तिथे खाली गेली. बसलेल्या माणसाचं डोकं जिथे असतं, तिथे येऊन थांबली.

आक्काताईने चहा टाकला नाही. त्या दिवसापासून दिवाणावर कोणी बसलं नाही.

परीक्षेच्या सकाळी प्रसेनजीतने रजा काढली. क्रांतीला त्यातही डाव दिसला. तिने त्याला आणि आक्काताईला, दोघांनाही खोलीबाहेर काढलं. कॉम्प्युटर आतल्या खोलीत नेला आणि खुर्ची भिंतीला पार टेकवून ठेवली, मागे माणूस सोडा, मांजरही मावलं नसतं. दाराला कडी घातली.

एकच चौकट आली. तिचीच. तिला रडू यायचं बाकी होतं.

ओळखपत्र दाखवून झालं. मग कॅमेऱ्यातून पाहणाऱ्या कंपनीच्या निरीक्षकाचा संदेश आला. 'शेजारी बसलेल्या व्यक्तीला उठायला सांगा. नाहीतर पेपर रद्द होईल.'

दुसरी चौकट तिच्या गालाला लागून होती.

भीती होतीच, पण त्याहून जास्त संताप होता. इतकी वर्षं राबून मिळालेली संधी अशी जाणार?

"पावणं," ती म्हणाली, "माझ्या पोटावर पाय दिऊ नका. उठा की."

चौकट हलली नाही.

न हलणाऱ्या पाहुण्याला कसं उठवायचं, हे तिला घरात लहानपणापासून ठाऊक होतं. आधी आपण उठायचं. मग त्याला उठावंच लागतं.

ती उठली. दाराशी गेली, कडी काढली, दार उघडून धरलं. "चला," म्हणाली.

आणि मागे वळून पाहिलं.

खुर्ची रिकामी होती. पडद्यावर एकच चौकट होती, खुर्चीवर बसलेली. खाली नाव होतं, 'क्रांती'.

'धन्यवाद मॅडम. ओळख पटली. सुरू करा.'

माउस टिचकला.

दाराचा आवाज ऐकून प्रसेनजीत उंबऱ्याशी आला. क्रांती अगदी त्याच्यासमोर होती. त्याने तिच्या खांद्यावरून खुर्चीकडे पाहिलं. किती माया होती त्या नजरेत! ह्या माणसावर आपण संशय घेतला.

"अहो," ती म्हणाली.

"सावकाश सोडव," तो खुर्चीकडे पाहत हळूच म्हणाला. "पास झालीस की जाऊ आपण पुण्याला."

त्याने आवाज न करता दार ओढून घेतलं.

"आये," बाहेरून त्याचा दबका आवाज आला, "भांडी वाजवू नगं. क्रांतीचा पेपर सुरू झालाय."