उघडा राहिलेला पोर्ट

सांगून ठेवतो, हे कोणी मानणार नाही.

शेंदूरजनाघाटात गोवर्धनच्या, म्हणजे माझ्या, गोष्टी ऐकून लोक आधी हसतात, मग चहा पाजतात. पण ही माझ्या दोस्ताच्या सुनेवर आलेली गोष्ट आहे. आणि घडली तीही भर दुपारी. मागच्या वीस जानेवारीला.

माझा दोस्त खुशालराव जाऊन पंधरा दिवस झाले होते. मागे संत्र्याची तीनशे झाडं ताणावर उभी.

ताण म्हणजे झाडाचं पाणी तोडायचं. झाड पुरतं तहानलं की मग पाणी सोडायचं, तेव्हा आंबिया बहाराची फुलं फुटतात. लवकर सोडलं तर नुसती पालवी. उशीर झाला तर झाड वाळतं.

नेमका दिवस खुशालरावला कळायचा.

ताण बसवला की तो विहिरीच्या कठड्यावर चाळीस गोटे मांडायचा. रोज दुपारी माती मुठीत दाबून पाहायचा, एक गोटा विहिरीत टाकायचा. आभाळ आलं तर उलट एक वाढवायचा.

तो गेला त्या दिवशी चोवीस उरले होते. सून वर्षालीनं स्वतः मोजले होते.

नंतर विहिरीकडे कोणी फिरकलं नाही.

तिचा नवरा किशोर अकोल्याला नोकरीवर. त्याचा फोन आला, साऱ्यांनी पाणी सोडलं, उद्या आपणही मोटर लावू. वर्षालीनं अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. ती म्हणाली, आधी ओल मोजू दे.

तिनं ओल मोजायच्या सेन्सरला ब्लूटूथ मॉड्यूल जोडलं. सकाळी शेडमध्ये लॅपटॉपशी त्याची ओळख करून दिली. मग दोन्ही डब्यात घालून डबा झाडाखाली पुरला आणि शेडमध्ये येऊन बसली.

आता इथे चूक झाली.

असं मॉड्यूल जोडलं की लॅपटॉप दोन पोर्ट देतो. आउटगोइंग, म्हणजे आपण जाऊन त्याचं दार ठोठावायचं. इनकमिंग, म्हणजे आपलंच दार उघडं टाकून बसायचं... कोणी येईल म्हणून.

तिला पहिला हवा होता. घाईत तिनं दुसरा उघडला.

पडदा कोरा.

बागेत एक पाखरू बोलेना.

मग विहिरीकडून आवाज आला...

डुबुक.

आणि पडद्यावर आकडा उमटला.

९

सेन्सरचा आकडा शेकड्यांत यायला हवा. काही बिघडलं असेल म्हणून ती झाडाखाली गेली. डबा उकरला. मॉड्यूलचा लाल दिवा विझलेला. सेल वाचवायला सकाळी तिनं बटण बंद केलं होतं, ते लावायचं राहूनच गेलं होतं.

मग आकडा कोणी पाठवला?

ती विहिरीवर गेली. पाण्यावर अजून वलयं फिरत होती.

कठड्यावर गोटे होते... नऊ.

तिनं तिथूनच किशोरला फोन लावला. सासऱ्याला ती मामाजी म्हणायची.

"मोटर लावू नका. मामाजींनी थांबायले सांगतलं."

"कोणत्या मामाजीनं?"

मोटर लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आठ. मग सात, सहा, पाच. सहाव्या दिवशी आभाळ भरून आलं, चार थेंब पडले. त्या दुपारी डुबुक झालं नाही.

पडद्यावर आलं... ६.

कठड्यावरही सहाच. नवीन गोटा ओला होता. पावसानं म्हणावं, तर बाकीचे पाच तोवर सुकले होते.

शून्य आलं त्या दुपारी तिनं पाणी सोडलं. फेब्रुवारीत शेजारच्या बागांत नुसती पालवी, आणि खुशालरावची तीनशे झाडं फुलांनी पांढरीशुभ्र.

वर्षालीनं मॉड्यूल काढून कपाटात ठेवलं. पुन्हा आकडा कधी आला नाही.

परवा खुशालरावच्याच ओसरीवर पातूरच्या पाहुण्यांना मी इथवर सांगितलं. पाहुणे खुशीत होते. एक तर म्हणाला, काकाजी, यातलं खरं किती अन् मीठमसाला किती?

वर्षाली चहाचे कप ठेवत होती. ती हसली नाही.

"बाकी सारं खरं हाय. शेवट खोटा हाय."

मी बशीत चहा ओतला. थोडा खाली सांडला.

"काहून खोटं सांगता, काकाजी? लॅपटॉप उघडला की आकडा अजून येते. रोज एकानं कमी. बागेचा ताण तं कवाचाच सुटला, विहिरीवर आता एकबी गोटा नाई."

पाहुणे माझ्याकडे पाहायला लागले.

"आज अकरा आला," ती म्हणाली. "तुमच्या दारच्या ओट्यावर किती गोटे उरले, ते सांगा पाहुण्यायले."